जोड्या लावू नका

४ मार्च

वहिनी,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण तुमच्या इंग्रजीच्या वर्गात खुर्च्या इतक्या दाटीने मांडल्या आहेत की आडवं व्हायला जागा नाही. तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार, आणि एक माहेरी तुमच्या आईंच्या मोडलेल्या खुब्यालाही.

तुमचा दीर तुमच्या फळ्यापाशी उभा राहायला लागून आठवडा होत आला. शाळेने संस्कृत बंद केल्यापासून मी घरी बसून दादाच्या चहाला नावं ठेवत होतो, त्यापेक्षा हे बरं. पहाटेचा वर्ग, त्यामुळे विद्यार्थी अर्धे झोपेत आणि मास्तर पूर्ण. खालच्या मजल्यावर मालकांच्या ड्रायव्हिंग स्कूलचे शिकाऊ ड्रायव्हर जमिनीला ठोकलेल्या स्टिअरिंगवर गियर बदलतात, वर आम्ही क्रियापदांचे काळ बदलतो. गाडी दोन्हीकडे जागची हलत नाही.

मालक जिन्यात भेटले की म्हणतात, "सर, तुम्ही फक्त क्लच दाबून ठेवा. ताई आल्या की पुढचं त्या बघतील." मी म्हटलं, दाबून ठेवलाय.

आता तक्रार. तुमच्या भिंतीवरच्या शब्दांत टाचेचा हील आहे, पण जखम भरून येते तो हील कुठेच नाही. अशक्ताचा वीक आहे, आठवड्याचा वीक बेपत्ता. दुखण्याचं पेन आहे. खिडकीच्या काचेचं पेन म्हणे तुम्ही वर्षभरात उच्चारलंसुद्धा नाहीत. कानाला एक आणि कागदावर दोन, असल्या जुळ्यांनी ही भाषा गच्च भरलेली, आणि तुम्ही त्यांतल्या एकेकालाच घराबाहेर काढता! आम्हाला पाठशाळेत पहिल्या दिवसापासून शिकवलं की भेद कळायला हवा असेल तर दोघांना शेजारी उभं करा. द्वंद्व समासाशिवाय आमचं पान हलत नसे.

निघताना तुम्ही चपला घालता घालता बजावलंत, "भाऊजी, हवं ते करा, पण जोड्या लावू नका. आणि मावशींना सांभाळा." का लावू नका, ते सांगायला तुमच्या गाडीने वेळ ठेवला नाही. तेवढं कळवा.

मावशी मजेत आहेत. हॉस्पिटलच्या वॉर्डातून रात्रपाळी करून थेट येतात आणि पहिल्या रांगेत बसतात. नोंदणीच्या खिडकीवर बसायची परीक्षा मे महिन्यात आहे, त्यात इंग्रजी डिक्टेशन. "स्ट्रेचर ढकलून गुडघे गेले हो सर," म्हणाल्या, "आता बसून लिहायचं काम मिळालं की सुटले." सांभाळतो आहे. तुम्ही या, तोवर वर्गातली काडी इकडची तिकडे होणार नाही.

तुमचा राखणदार,
भाऊजी


२१ मार्च

वहिनी,

हुकूम पोचला. मी तीन पानं लिहिली, तुम्ही तीन ओळी. आई कुशीवर वळायला लागल्या, हे वाचून बरं वाटलं. दादा गॅस बंद करायला विसरतो का, हा तुमचा प्रश्न. नाही, तो लावायलाच विसरतो. आणि तिसरी ओळ, "जोड्यांचं नको म्हटलं ना. आल्यावर समजावते."

मी जोड्या लावलेल्या नाहीत. झालं एवढंच की आपल्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने परवा हात वर केला आणि विचारलं, "सर, हील म्हणजे टाच, मग डॉक्टर म्हणतात ते हील कुठलं?" विद्यार्थ्याने तोंड उघडून विचारलं आणि मास्तराने तोंड मिटून घेतलं, हे मला कसं जमावं? मी सांगितलं. सांगता सांगता एक अनुष्टुभ होऊन बसला:

टाचेचा हील वेगळा, व्रणाचा हील वेगळा
कानाला एक वाटे जो, डोळ्याला दोन भासतो

पहिल्या चरणात सातवं अक्षर लंगडतं, पण टाचेचाच विषय असल्याने खपून जातं.

मग त्यांना संथा दिली. मी एकदा, त्यांनी दोनदा. वहिनी, खालचे शिकाऊ ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे थांबले. दुसऱ्या दिवशी लिफ्टवाला जिन्यातूनच म्हणत वर आला. कोणी माझ्यामागून काही म्हटलं, याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. शाळेतल्या शेवटच्या वर्षी माझ्या वर्गात दोनच मुलं होती, आणि त्यांतला एक चुकून आला होता.

आता म्हणाल, भाऊजी वाहवले. जरासा. भिंतीला मात्र मी हात लावलेला नाही, हे शपथेवर.

मावशींना श्लोक फार आवडला. फरशी पुसताना म्हणतात म्हणे.

भाऊजी


११ एप्रिल

वहिनी,

आई काठी घेऊन दोन खोल्या चालल्या, ही मोठी बातमी. महिनाअखेर परत यायचं म्हणता. वाचून आनंद झाला. पण घाई करू नका. म्हातारं हाड, एकदा जुळलेलं पुन्हा निखळलं तर पंचाईत. इथे अडून काही राहिलेलं नाही. मे काय, जून काय.

मागच्या पत्रात भिंतीला हात लावला नाही असं लिहिलं, ते अक्षरशः खरं होतं. जोड्यांचा तक्ता मी कपाटावर लावला. कपाट म्हणजे भिंत नव्हे, हे न्यायशास्त्राला धरून आहे. आता कपाट भरलं, म्हणून काही तक्ते दारावर गेले. दारही भिंत नव्हे. समुद्राचा सी आणि बघण्याचा सी, गाडीचा ब्रेक आणि मोडण्याचा ब्रेक, सगळे आपापल्या जावेशेजारी उभे आहेत. प्रत्येकीला श्लोक. काचेचं पेनही आलं.

वर्ग भरलाय. मालकांनी खालच्या खुर्च्या वर आणल्या, त्यामुळे शिकाऊ ड्रायव्हर आता उभ्याने वाट बघतात. मालक रोज दारात उभे राहून घोष ऐकतात. "सर, गाडी टॉप गियरमध्ये आहे," म्हणतात. आणखीही काहीबाही बोलत होते, पुढच्या वर्षाचं वगैरे. धंद्याची माणसं, बोलतात. तुम्ही मनावर घेऊ नका.

तुमच्या टेबलाच्या खणात तुमचा चष्मा, खडूची पेटी आणि पंख्याची दोरी होती. नीट पिशवीत घालून घरी आणून ठेवलंय. खणाला वाळवी लागेल असं वाटलं. टेबल लोखंडाचं आहे, ते नंतर ध्यानात आलं.

दादा विचारत होता, "ती कधी येते?" मी म्हटलं, आईंचं बरं व्हायला वेळ लागेल. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझ्याकडे बघायची सवय नाही, म्हणून सांगतो.

भाऊजी


१४ मे

वहिनी,

निकाल लागला. मावशी डिक्टेशनमध्ये नापास झाल्या.

हे वाक्य लिहून मी उठलो, सगळ्या घरात फिरून आलो, आणि ते अजून इथेच आहे.

परवा सकाळी वर्ग सुटल्यावर त्या आल्या. त्यांच्या चुका त्यांना दाखवल्या होत्या, त्या त्यांनी मला तोंडी सांगितल्या. परीक्षकाने वाचलं ते दुखण्याबद्दल, यांनी लिहिलं काचेबद्दल. रुग्णाच्या गुडघ्यात काच आहे. रुग्ण फार अशक्त आहे, तर तिथे रुग्ण फार आठवडा आहे. वहिनी, मी हसलो. आधी हसलो. मी हसलो म्हणून मावशीही हसल्या, आणि मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला तेव्हा मला कळलं की हसतोय तो मी एकटाच.

मी म्हटलं, "मावशी, हे तर तुम्हाला येत होतं."

"येत होतं ना," त्या म्हणाल्या. "ताईंनी दिलेलं एकच होतं, हात आपोआप जायचा. आता लिहायला घेतलं की दोघी दारात उभ्या. ही म्हणते मी आत येते, ती म्हणते मी. मी आपली दोघींची तोंडं बघते, तोवर ते साहेब पुढचं वाक्य वाचून मोकळे."

"माझे श्लोक आठवले नाहीत का?"

"ते आठवले म्हणून तर," मावशी म्हणाल्या. "सगळे आठवले. वेगळा आहे, वेगळा आहे, हे आठवलं. पण कुठला कुठला, ते त्यात कुठंय?" आणि वर मलाच, "तुमचा काही दोष नाही हो सर. माझंच डोकं म्हातारं."

त्या गेल्यावर मी खिडकी लावून घेतली, कारण खाली कोणीतरी माझाच श्लोक गुणगुणत गियर टाकत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला तेच डिक्टेशन दिलं. जे घोषात सगळ्यांत पुढे, त्यांच्या सगळ्यांत जास्त चुका. लिफ्टवाल्याने टाच बरी केली आणि जखमेला टाच जोडली. तुमच्याकडे शिकलेल्यांपैकी एकाचंच सगळं बरोबर आलं, तो सलूनवाला. रोज उशिरा येतो तो, संथा संपल्यावर. म्हणून वाचला.

तुम्ही जोड्या का लावत नव्हता, ते मला आता तुम्ही न समजावताच समजलं. दोन सारखे शब्द एका दिवशी घरात आले की जन्मभर एकमेकांच्या नावाने ओ देतात. एकाला आधी मुरू द्यायचं, त्याच्या सोबत्यांत रमू द्यायचं, आणि दुसऱ्याला महिन्यांनी, दुसऱ्याच दाराने, आत घ्यायचं.

आणि वहिनी, हे मला माहीत असायला हवं होतं. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मला इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तुम्ही भाजी निवडता निवडता मला रोज एक शब्द द्यायचात. त्याचा जुळा कधी दिलात ते मला कळलंही नाही. या शब्दांत माझा आजवर कधी घोळ झाला नाही, आणि त्याचं श्रेय मी इतकी वर्षं पाठशाळेला देत आलो.

आता दुसरं. "घाई करू नका" असं मी लिहिलं, त्याच्या आदल्या दिवशी मालकांनी मला कायमचं ठेवून घेतलं होतं. तुमच्या जागी. मी सही केली. त्यांनी पेन पुढे केलं आणि मी एकदाही विचारलं नाही की ताई आल्यावर काय. आईंच्या हाडाचा त्या वाक्याशी काही संबंध नव्हता. तुमचा खण वाळवीने नाही, मी रिकामा केला.

मावशींना परीक्षा पुन्हा सप्टेंबरात देता येईल. वयाच्या अटीमुळे तीच शेवटची.

रागवा. पण लिहा.

भाऊजी


३० मे

वहिनी,

तुमचं पत्र आलं नाही. दादाला आलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"आई अंगणापर्यंत जातात."

"आणि माझ्याबद्दल?"

दादाने पत्र उलटं करून मागची बाजूही पाहिली. तो तुमच्यासारखाच, चेष्टा करत नाही. "तुझ्याबद्दल काही नाही," म्हणाला. मग पत्राची घडी घालत, "ती गेली त्या दिवशी मला म्हणाली होती, वर्गाची काळजी नाही, भाऊजी आहेत." आणि आंघोळीला गेला. दादा एवढं लांब वाक्य वर्षातून एकदा बोलतो. त्यासाठी त्याने हा दिवस निवडला.

मी काय केलं ते सांगतो. चांगलं झालं म्हणून नव्हे, झालं म्हणून.

आधी वर्गाला सांगितलं. फळ्यापाशी उभं राहून म्हटलं, मी तुम्हाला चुकीच्या पद्धतीने शिकवलं, ताईंनी नको म्हटलेलं असताना शिकवलं, आणि त्यामुळे मावशींची परीक्षा गेली. सगळे हसऱ्या तोंडाने बघत राहिले. मी थांबलो तरी बघत राहिले. मग लिफ्टवाला म्हणाला, "सर, पुढे?" इतके दिवस प्रत्येक गोष्टीच्या शेवटी विनोद दिला, आता ते विनोदाची वाट बघत होते. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा दोघेतिघे मोठ्याने हसले. मग मावशी मागे वळून म्हणाल्या, "खरं सांगतायत ते," तेव्हा लिफ्टवाल्याने वही मिटली.

नंतर मालकांकडे गेलो. म्हटलं, मी सोडतो, ताईंना परत बोलवा.

"सर, चालत्या गाडीतून ड्रायव्हर उडी मारतो का?"

"ब्रेक लागत नसले तर?"

"तर गियर उतरवायचे. उडी नाही." मग त्यांनी मला खुर्ची दिली, आणि खुर्ची दिली तेव्हाच मला कळलं की उत्तर वाईट येणार. "ताई चांगल्याच आहेत. पण त्यांच्या वेळी मागच्या रांगा रिकाम्या असायच्या. तुम्ही भरल्यात. आता लोक गाण्यासाठी येतात. मी त्यांना एकेक शब्द चमच्याने भरवायला लागलो तर उद्या समोरच्या क्लासला जातील. तुम्हाला नको तर माझा भाचा आहे. त्याला तुमचे सगळे श्लोक पाठ आहेत."

तक्ते मागितले. ते संस्थेचे, म्हणाले.

म्हणजे मी सोडलं, पण तुमचा वर्ग तुम्हाला मिळाला नाही. ती जागा गेली, वहिनी. तुम्ही आलात तरी ती नाही. इथे मला काही गोड लिहिता येत नाही. रोज पहाटे तिथे माझा आवाज दुसऱ्याच्या तोंडून चाललेला असतो, आणि आता सातवं अक्षरही कोणीतरी दुरुस्त केलंय.

मावशी आणि सलूनवाला माझ्यामागून बाहेर पडले. आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसतात. दादा सकाळी त्यांच्यामधून वाट काढत दूध आणायला जातो. सलूनवाल्याला शिकवायला मला भीती वाटत नाही, तो ऐकतच नाही. मावशींपुढे मात्र तोंड उघडायला भीती वाटते. जे घातलं ते काढायचं कसं, हे पाठशाळेत कोणी शिकवलं नाही. तिथे सगळं घालायचंच असे.

मावशींसाठी तरी लिहा. माझ्यासाठी नको.

भाऊजी


१८ जून

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, आणि सगळं मावशींबद्दल. मी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचलं, आणि तसंच पाळतो आहे.

तुम्ही लिहिलंत, श्लोक म्हणू द्यायचा नाही. त्या म्हणायला लागल्या की कामाचं बोलायचं. तसं करतो. काल त्यांच्या ओठांवर पहिला चरण आला, तशी मी त्यांच्या सुनेची चौकशी केली. सून हा विषय अनुष्टुभापेक्षा जोरकस निघाला, सकाळ त्यातच गेली. पण श्लोक गेला.

तुम्ही लिहिलंत, टाच ठेवा, भरून येणं ऑगस्टपर्यंत काढून ठेवा. ठेवलं. टाचेबरोबर घोटा, तळवा, मोजा, भेग. नुसती पावलंच पावलं चालली आहेत. तुम्ही लिहिलंत, काचेच्या पेनचं नावच काढायचं नाही, नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला तो शब्द जन्मात लागणार नाही. भेद समजावून सांगायचा मोह होईल, तेव्हा भाऊजींनी पाणी प्यावं. माठ दिवसाकाठी दोनदा भरतो आहे. तुमच्या पत्रात माझा उल्लेख आहे तो इतकाच.

आज सकाळी मी मावशींना वाक्य सांगितलं. रुग्णाच्या गुडघ्यात दुखतं आहे. त्या लिहीत गेल्या, आणि दुखण्यापाशी हात थांबला. पेनाचं टोक कागदाच्या वर तसंच राहिलं. मला दिसत होतं, वहिनी, दोघी आल्या होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "ती काचेची कशी होती?"

सगळा श्लोक माझ्या जिभेवर आला. अर्थासकट, उदाहरणासकट. सलूनवाल्यानेसुद्धा मान वर केली. पाण्याचा पेला रिकामा होता.

"कसली काच?" मी म्हटलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी बावळटासारखा चेहरा केला. त्याला फार कष्ट पडले नाहीत. "काही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी लिहिलं. बरोबर लिहिलं. पुढच्या वाक्यातही बरोबर लिहिलं. मी शाबास म्हटलं नाही, कारण शाबास का ते सांगावं लागलं असतं. त्या गेल्यावर दादाने विचारलं, "तुला काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, गप्प बसलो होतो. तो म्हणाला, "मग दमला असशील."

सप्टेंबरात काय होईल ते मला ठाऊक नाही. एक दिवस बरोबर येतं, दोन दिवस गुडघ्यात काच जाते. मालकांच्या भिंतीवर तुमचा एकही शब्द उरलेला नाही, असं सलूनवाला सांगतो. त्यातलं काही मला परत आणता येणार नाही, हे लिहून ठेवतो, म्हणजे विनोदात झाकलं असं तुम्हाला वाटायला नको.

गुरुवारी येताय, एवढी एकच ओळ तुम्ही तुमच्याबद्दल लिहिलीत. पुढच्या खोलीतून माझी गादी काढली आहे. सकाळी तुम्हाला ती खोली लागेल, आणि मावशींना तुम्ही.

स्टँडवर दादा जातो म्हणत होता. मी म्हटलं, या वेळी मला जाऊ दे. तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, मीही बोलणार नाही, माझा सराव आता चांगला झालाय. बॅग तेवढी माझ्या हातात द्या.

भाऊजी